‘यापुढे काळजी घ्यावी’ पुरे झालं

सॉफ्टवेअर कंपन्यांमधला सगळ्यात निरुपयोगी ई-मेल कोणता, असं कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन. चूक ग्राहकापर्यंत गेली, रात्री दोनला लोकांना उठवलं, हॉटफिक्स चढवला, सकाळी मूळ कारण शोधायची बैठक झाली आणि दुपारी सगळ्यांना मेल गेला : असा कोड लिहिताना सर्वांनी यापुढे काळजी घ्यावी. संपलं. प्रकरण बंद. हा मेल वाचणारा माणूस त्या दिवशी काळजी घेतोच, कारण त्याची झोप मोडलेली असते. पण तीच चूक पुन्हा करणारा माणूस आठ महिन्यांनी नोकरीला लागणार आहे. त्याला हा मेल कोण दाखवणार?

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये असे मेल येणारी घरं आता कमी नाहीत. पुढच्या खोलीत पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले वडील, मागच्या खोलीत हेडफोन लावून पुण्या-बंगळुरूच्या टीमबरोबर बसलेला मुलगा किंवा मुलगी. आमच्या स्ट्रीटवरच्या अशाच एका मुलीला मी विचारलं, की तुमच्याकडे कोड तपासणारं काही टूल नाही का? ती म्हणाली, “आहे ना काका. रोज रात्री चालतं, सकाळी रिपोर्ट येतो. उघडत कोणी नाही.”

“का?”

“त्यात आमचं काहीच नसतं.”

हे तिचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. टूल आहे, पैसे भरलेले आहेत, ऑडिटच्या कागदावर खूण झालेली आहे. आणि त्यात ‘आमचं’ काहीच नाही. त्या टीमने गेल्या काही वर्षांत ज्या चुकांपायी रात्री जागवल्या, त्यांतली एकही त्या टूलला कुणी शिकवलेली नाही. ते शिकवता येतं, हेच बहुतेकांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना वेळ नाही. या आळसावर आज लिहायचं आहे.

आधी थोडक्यात, म्हणजे सॉफ्टवेअरशी संबंध नसलेल्यांनाही कळेल. प्रोग्रॅम चालवून पाहायची तपासणी वेगळी आणि न चालवता, नुसता वाचून करायची तपासणी वेगळी. दुसरीला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास सी भाषेसाठी ‘लिंट’ नावाचा असा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. कोड मशीनसमोर ठेवायचा, मशीन त्याची वाक्यरचना सोडवून झाडासारखी मांडते, आणि मग ठरलेले नमुने त्या झाडात शोधते. मोकळ्या जागा, ओळी कुठे तुटल्या, मध्ये कुणी काय टीप लिहिली, याने तिला फरक पडत नाही. शब्द शोधणं आणि रचना शोधणं यांत हा मोठा भेद आहे.

आता भिलाईकरांना हे समजावून सांगायला मला फार शब्द लागू नयेत. आपलं शहरच या विचारावर उभं आहे. इथल्या रेल मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ बाहेर पडतो आणि जोडून २६० मीटरचे पट्टे देशभर जातात. तो रूळ बाहेर पडण्याआधी अल्ट्रासॉनिक लहरींनी आतून तपासला जातो, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. रूळ अजून रूळ झालेलाच नसतो, पोलाद द्रवरूपात असतं, तेव्हाच त्यातला हायड्रोजन मोजतात. भारतीय रेल्वेच्या मानकानुसार तो दहा लाख भागांत १.६ भागांपेक्षा जास्त चालत नाही. ओलसर कच्च्या मालातून, भट्टीच्या अस्तरातून हा वायू पोलादात शिरतो. पोलाद थंड होत जातं तशी त्याला आत राहायला जागा उरत नाही, मग तो बारीकसारीक फटींत अडकतो, तिथे दाब वाढतो आणि पोटात केसाएवढी चीर पडते. बाहेरून रूळ आरशासारखा. गाड्यांची चाकं वर्षानुवर्षं त्यावरून जातात, चीर वाढते आणि एके पहाटे रूळ तुटतो. म्हणून निर्वात यंत्रणेतून तो वायू आधीच ओढून घेतात आणि आकडा पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९११ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लेहाय व्हॅली रेल्वेची गाडी रूळ तुटून घसरली. तुटलेल्या तुकड्यांच्या पोटात तपासनिसांना आडव्या चिरा सापडल्या. त्या कुठून येतात, हे शोधण्यात पुढची कित्येक वर्षं गेली, त्यातून हायड्रोजनचा पत्ता लागला, आणि त्यातून मर्यादा ठरली. माणसं मेली, कारण शोधलं, कारणाचं मोजमाप ठरवलं, ते मोजमाप भट्टीपाशी नेऊन ठेवलं. ‘रूळ बनवताना सर्वांनी काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढून कुणी घरी गेलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमकं हेच करायचं आहे, आणि त्यांना तर भट्टीही बांधायची नाही. एक मजकुराची फाइल लिहायची आहे.

सोय कधीच झालेली आहे. जावास्क्रिप्टसाठीचं ‘ईएसलिंट’ निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये बनवलं ते मुळात याच कारणाने, की तेव्हाच्या टूलमध्ये स्वतःचा नियम घालायची सोय त्यांना मिळेना. जावासाठीच्या ‘पीएमडी’त स्वतःचे नियम लिहिता येतात. लिनक्सच्या गाभ्यासाठी ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी ‘कॉक्सिनेल’ केलं. त्याच कामात असलेले योआन पाडिओलो पुढे फेसबुकमध्ये गेले, आणि त्यांच्या तिथल्या कामातून आजचं ‘सेमग्रेप’ आलं. त्यात नियम लिहायला कंपायलरचा अभ्यास लागत नाही. जो कोड नको आहे त्याच्यासारखाच नमुना लिहायचा, बदलणाऱ्या जागी खूण ठेवायची, मध्ये काहीही असेल तिथे तीन टिंबं द्यायची. वर नियमाचं नाव, गांभीर्य, भाषा आणि चूक सापडली की दाखवायचा संदेश. पहिला नियम लिहायला दुपार लागेल, दहावा चहा गार व्हायच्या आत होईल.

तरीही आपण काय करतो? तयार नियमांचा गठ्ठा चालू करतो. हजारो वॉर्निंग येतात. व्हेरिएबलचं नाव छोटं आहे, फंक्शन लांब आहे, आयातींचा क्रम चुकला. दोन आठवड्यांत लोकांना त्या ओळी दिसेनाशा होतात. मग त्या गर्दीत एक खरी, घातक वॉर्निंग येते आणि तीही कुणाला दिसत नाही. तयार नियम वाईट नसतात. मोटारींतल्या सॉफ्टवेअरसाठी १९९८ साली आलेल्या ‘मिस्रा सी’मध्ये १२७ नियम होते आणि त्यांतले बरेचसे कुणीतरी चटके खाऊन शिकलेले होते. पण ते दुसऱ्याचे चटके. तुमच्या व्यवसायाचं, तुमच्या देशाचं, तुमच्या लिपीचं त्यात काही नसतं.

लिपीचंच घ्या. ‘श्री’ हे तुम्हाला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये ते चार खुणांचं आहे : श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. एखाद्या प्रोग्रॅमरने नाव पहिल्या दोन खुणांवर कापलं की उरतो पाय मोडलेला श. मराठी माणसांची नावं बँकेच्या संदेशात, शाळेच्या दाखल्यावर, रेशनच्या यादीत अशी तोडलेली आपण किती वर्षं पाहतो आहोत! एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसतात, देवनागरी आली की ७० खुणा. संदेशाची लांबी न तपासणाऱ्या कोडमुळे एका निरोपाचे तीन निरोप होतात आणि बिलही तिप्पट. ‘नाव किंवा संदेशाचा मजकूर खुणा मोजून थेट कापू नये, अक्षर ओळखणारं फंक्शन वापरावं’ हा नियम अमेरिकेतला कोणी तुमच्यासाठी लिहून ठेवणार आहे का? त्याला ती चूक आयुष्यात कधी भेटलेलीच नाही. तो नियम पुण्यात, नागपुरात किंवा इथे सेक्टर २ मध्ये बसून आपणच लिहायचा आहे.

वेळेचं तर याहून गंभीर आहे. सर्व्हर बहुधा युटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत ‘आजची तारीख’ विचारली की सर्व्हर कालची तारीख सांगतो. दिवसा टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. विम्याचा हप्ता मध्यरात्रीनंतर भरणारा, परीक्षेचा अर्ज रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी पाठवणारा, पहाटे जन्मलेल्या बाळाची नोंद करणारा, यांनाच ते भोवतं. टाइमझोन न देता ‘आत्ता’ विचारणारं प्रत्येक फंक्शन अडवा. हा नियम चार-पाच ओळींचा होतो. तो नसल्यामुळे किती लोकांना खिडकीपाशी हेलपाटे घालावे लागले असतील, याचा विचार करून मला खरोखर राग येतो. कारण चूक अवघड नाही. ती माहीत असलेली, पुन्हापुन्हा झालेली, पकडायला अत्यंत सोपी चूक आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो : रुपये दशांश-चिन्हाच्या फ्लोटमध्ये ठेवू नयेत, कारण तिथे ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि रक्कम, व्याज, शिल्लक अशा नावांच्या फ्लोटवर नियम लावा.

आणि लॉग, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची ठेवतो ती नोंद. भारतीय कंपन्यांतली ही सगळ्यात मोठी बेपर्वाई आहे असं माझं ठाम मत आहे. काहीतरी बिघडलं म्हणून तपासायला कोणीतरी ग्राहकाची सगळी माहिती लॉगमध्ये छापतो, बिघाड दुरुस्त होतो, ती छापणारी ओळ तशीच राहते. आधार क्रमांक, मोबाइल, कधी ओटीपीसुद्धा. सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. म्हणजे तुमच्या टीममधल्या एकाने सोमवारी घाईत लिहिलेली ओळ लोकांचे आधार क्रमांक अर्धं वर्ष साठवत राहते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला तरी ती ओळ आपोआप जाणार नाही. नियम सांगायला साधा आहे : लॉग लिहिणाऱ्या कुठल्याही फंक्शनला आधार, पॅन, मोबाइल, ओटीपी अशा नावाचं काही दिलेलं आढळलं तर अडव. मधे झाकणाऱ्या फंक्शनमधून गेलं असेल तर जाऊ दे. मराठीत जेवढं लिहिलं, जवळपास तेवढंच ते नियमाच्या फाइलीतही असतं.

असा नियम पहिल्यांदा सगळ्या कोडवर चालवला की जे होतं ते मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ज्या एका ओळीने रात्री जागवलं, तिची भावंडं समोर येतात. एक चूक एकाच जागी कधी राहत नाही. लोक एकमेकांचा कोड उचलून घेतात, समज चुकीची असेल तर तीच समज पाच फाइलींत उतरते. मेल पाठवणारा मॅनेजर एक चूक दुरुस्त करून निश्चिंत होतो आणि तिची भावंडं आपापल्या पाळीची वाट पाहत बसतात. लिनक्सच्या गाभ्याबरोबर कॉक्सिनेलचे नियम ठेवलेले असतात ते याचसाठी. कुणालाही ते चालवता येतात आणि जुनी, ओळखीची चूक नव्या ड्रायव्हरमध्ये शिरली आहे का ते पाहता येतं.

जगातल्या दोन नामांकित चुका इथे सांगायला हव्यात, कारण दोन्हींत गोष्ट नियमापाशीच येऊन थांबते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘बाहेर उडी मार’ अशी एक ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली अटीखाली होती. दुसरी कंस नसल्यामुळे अटीबाहेर पडली, म्हणजे दरवेळी उडी. पुढची सही तपासणारी पायरी कधी चालतच नव्हती. तिथपर्यंत कोड पोचूच शकत नाही, हे सांगणारी वॉर्निंग कंपायलरमध्ये तेव्हाही होती. पण नेहमीच्या ‘सगळ्या वॉर्निंग’ या पर्यायात ती येत नाही, वेगळी चालू करावी लागते. पुढे २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत एक नवी वॉर्निंग आली : ओळ जिथे सरकवून लिहिली आहे, तिथे ती खरोखर बसते का? आणि ही मात्र नेहमीच्या गठ्ठ्यात घातली.

दुसरी हार्टब्लीड. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली तेव्हा ती ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीसाठीच्या लायब्ररीच्या प्रकाशित आवृत्तीत दोन वर्षं होती. समोरचा म्हणतो, हा शब्द परत पाठव, त्याची लांबी इतकी आहे. सर्व्हर लांबीवर विश्वास ठेवतो आणि शब्द संपला तरी स्वतःच्या मेमरीतलं पुढचं वाचून ६४ किलोबाइटपर्यंत देऊन मोकळा होतो. त्यात पासवर्ड असू शकतात, गुप्त किल्ल्या असू शकतात. कव्हरिटी हे नावाजलेलं टूल ती चूक पकडत नव्हतं, कारण नेटवर्कवरून आलेला आकडा त्या जागेपर्यंत फार वळणं घेत पोचत होता आणि टूलचा माग मधेच सुटत होता. तेव्हा तिथले अँडी चाऊ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. नेटवर्कवरून आलेल्या आकड्याचे बाइट उलट क्रमाने लावून घ्यावे लागतात. मग जिथे कोडमध्ये बाइटांची अशी उलटापालट दिसेल, तिथला आकडा बाहेरचा आणि अविश्वासू मानायचा, मर्यादेशी ताडून पाहीपर्यंत. एवढा एक नियम घातला आणि ती जागा दिसली. चूक जाहीर झाल्यापासून आठवड्याभरात हे झालं. माणसाने नीट पाहिलं, आपल्याला काय माहीत आहे ते ओळखलं आणि ते मशीनला सांगितलं. त्यातून ओपनएसएसएलमधल्याच नव्हे, इतरांच्या कोडमधल्याही तशा जागा शोधायची वाट उघडली.

आता आक्षेप. “टूल खोटे इशारे फार देतं.” खरं आहे, आणि हा आक्षेप हलका नाही. पूर्ण पकडणारं आणि कधीच खोटं न बोलणारं, असं टूल बनवताच येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. हेन्री राइस यांचा त्या बाबतचा सिद्धान्त १९५३चा आहे. कव्हरिटी उभारणाऱ्यांनी २०१० साली आपला अनुभव प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं की खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं की लोक टूलकडे पाहणं सोडतात. पण याचं उत्तर टूल बंद करणं नव्हे. तुमचा स्वतःचा नियम तुमच्या हातात असतो. त्याने उगाच हटकलं तर त्याच दिवशी त्याला अपवाद शिकवा. दर नियमासोबत दोन नमुने ठेवा, एक पकडला गेलाच पाहिजे असा, एक सुटलाच पाहिजे असा. तरी सुधारत नसेल तर नियम काढून टाका, संकोच करू नका. आणि ज्यांना वॉर्निंग दडपायची आहे त्यांना कारण लिहायची सक्ती करा. कारण न देता दडपलेल्या वॉर्निंगची प्रत्येक ओळ म्हणजे पुढच्या माणसाचा रस्ता जाणूनबुजून अंधारात ठेवणं आहे.

“जुना कोड अफाट आहे, आता कुठे तपासत बसणार?” बसू नका. घातक नियम तेवढे जुन्यावर एकदा चालवा, बाकीचे फक्त बदललेल्या ओळींवर लावा. इथे फेसबुकचा अनुभव बोलका आहे. त्यांचं ‘इन्फर’ हे टूल आधी रात्री चालवून सकाळी याद्या वाटत. दुरुस्तीचं प्रमाण जवळपास शून्य. तेच टूल, तेच इशारे, पण प्रोग्रॅमर बदल सादर करतो त्या क्षणी त्याच्या समोर मांडले, तेव्हा प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं. त्यांनी २०१९ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं आहे. माणसं तीच होती. कोड डोक्यात ताजा असताना सांगितलं, एवढाच फरक. आपल्याकडचे रात्रीचे रिपोर्ट अजून तसेच निघतात आणि कुणी उघडत नाही याबद्दल कर्मचाऱ्यांना दोष देतात. दोष रिपोर्टच्या वेळेचा आहे. तो पीआरमध्ये, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीसाठी सादर होतो तिथे आणा, त्या ओळीच्या शेजारी.

आणि तो संदेश मराठीत लिहा, टीम मराठी असेल तर. टूलला काही अडत नाही. “इथे टाइमझोन दिलेला नाही. पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख येईल. अमुक फंक्शन वापरा.” नव्या मुलाला यातून जे कळतं ते कोड नंबर आणि इंग्रजी वाक्याच्या तुकड्यातून कळत नाही. चूक का आहे, ती झाली तेव्हा काय बिघडलं, आता काय करायचं, हे तिन्ही त्यात हवं.

हे सगळं परदेशातलं आहे, आपल्याला कुठे जमणार, असं म्हणणाऱ्यांसाठी पत्ता देतो : हडपसर, पुणे. फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ साली पुण्यात सुरू झालं, आणि पुढे हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतून तिथल्या मंडळींनी प्रोग्रॅम न चालवता तपासण्याच्या शास्त्रात जागतिक दर्जाचं काम केलं. यंत्रांत बसवलेल्या सी कोडसाठी त्यांनी विश्लेषक बनवला. त्यांच्या ‘व्हेरिॲब्ज’ने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, एसव्ही-कॉम्पमध्ये, एका प्रमुख गटात पहिला क्रमांक मिळवला, आणि एकदाच नाही. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी डेटा फ्लो ॲनालिसिसवर सहकाऱ्यासह लिहिलेला ग्रंथ २००९ पासून जगभरचे विद्यार्थी वाचतात. म्हणजे शास्त्र घडवणारी माणसं हडपसरात आणि पवईत. आणि हडपसरातल्याच मगरपट्ट्यात, नदीपलीकडे खराडीत, मजल्यामागून मजले ‘काळजी घ्यावी’चे मेल. एका शहरात इतकं ज्ञान आणि इतकी उदासीनता शेजारी शेजारी राहते, हे मला सहन होत नाही.

महाविद्यालयांकडेही बोट दाखवायला हवं. मुलं परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहितात, तोंडीला व्याख्या सांगतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. वॉर्निंग चालू करून कंपाइल करायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भिलाईत तांत्रिक विद्यापीठ आहे, जवळच कुटेलाभाठ्याला आयआयटीचा परिसर उभा राहिला आहे, दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि शेजारी असा कारखाना आहे जिथे मापात न बसलेला रूळ बाजूला काढणं हे रोजचं काम आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला येणाऱ्या परीक्षकाने एक प्रश्न विचारावा : हा प्रकल्प करताना तुमची एक चूक दोनदा झाली असेल, ती पकडणारा नियम दाखवा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तो नियम वापरावा आणि आपला एक त्यात घालावा. पाच वर्षांत त्या विभागाकडे असं काही जमेल जे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

हे आता अधिक निकडीचं झालं आहे, कारण बराचसा कोड हल्ली एआयकडून लिहून घेतला जातो. तो नीटनेटका दिसतो, आत्मविश्वासाने लिहिलेला असतो, आणि जगात ज्या पद्धतीने जास्त लिहिलं गेलं त्या पद्धतीने लिहितो. टाइमझोनशिवायचं ‘आत्ता’ही त्यात आलं, फ्लोटमधले रुपयेही आले. रिव्ह्यू करणाऱ्यापुढे पानांमागून पानं येतात आणि डोळे थकतात. नियमाला टाइप कोणी केलं याच्याशी देणंघेणं नसतं. शंभराव्या फाइलीतही तो पहिल्या फाइलीइतकाच जागा असतो.

म्हणून टीमलीडना माझं थेट सांगणं आहे. यापुढे प्रॉडक्शनमध्ये गेलेल्या चुकीची दुरुस्ती घेऊन पीआर आला की त्यात तीन गोष्टी शोधा : दुरुस्ती, तशी चूक पुन्हा आली तर अडवणारा नियम, आणि तो नियम जुन्या कोडवर चालवल्यावर काय सापडलं त्याची यादी. नियम ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच लिहावा, कारण ती चूक त्याच्याइतकी कुणालाच माहीत नाही, आणि त्याला शिक्षा म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून ते काम द्यावं. नियमाच्या वर तारीख आणि कारण असावं, म्हणजे तीन वर्षांनी तो काढायचा का ठेवायचा हे ठरवता येईल. काही चुका नमुन्यात बसणार नाहीत, हिशेबाचं सूत्रच चुकलेलं असेल, गरजच उलटी समजलेली असेल. तिथे नियम न लिहिता टेस्ट लिहावी, आणि नियम का लिहिता आला नाही ते त्याच पीआरमध्ये दोन ओळींत नोंदवावं. नियमही नसेल आणि टेस्टही नसेल तर तो पीआर मंजूर करू नका, मग ग्राहक कितीही मोठा असो आणि शुक्रवारची संध्याकाळ असो.